जॉन म्युअर ट्रेल: शेवटच्या टप्प्यात दहा दिवसांचा शिधा कसा न्यावा?

रानवाट: ऑगस्टअखेर अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या योसेमिटीहून निघून माउंट व्हिटनीपर्यंतची 340 किलोमीटरची जॉन म्युअर ट्रेल पुरी करण्याचा माझा आणि पत्नीचा बेत असून परवानाही हाती आला आहे. मध्यावरच्या म्युअर ट्रेल रँचवर शिध्याची बादली टपालाने आधी पाठवता येते. परंतु तिथून पुढे सुमारे 175 किलोमीटर वाटेत एकही दुकान नाही आणि आमच्या चालीने त्याला दहा दिवस लागतील. अस्वलाला उघडता येऊ नये अशा अस्वलरोधक डब्यात मात्र माणशी सातच दिवसांचे खाणे मावते. सह्याद्रीत पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळतेच. इथे तो आधार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कातळकडा: डबा भरताना वजनाआधी जागेचा विचार करा. चिवडा, कुरमुरे, नूडल्स यांत निम्मी हवाच असते. त्याऐवजी भाजलेला रवा, सातूचे पीठ, दाण्याचे कूट आणि खजूर पातळ पिशव्यांत भरा, हवा काढून टाका आणि मुठीने दाबत थर लावा. थंडीने थिजलेले तूप फटींत उत्तम बसते. टूथपेस्ट आणि साबण या वासाच्या वस्तूही रात्री डब्यातच ठेवायचे असल्याने त्यांची जागा आधी राखा. पहिल्या दिवसाचे खाणे रात्रीपूर्वी संपणार असेल, तर ते बाहेर राहू शकते. एवढे केल्यावर आमचे आठ दिवस निघाले, दहा नाहीत.

धुकेरी: वरील सल्ला योग्यच आहे, पण दहा दिवसांचे ओझे पाठीवर घेऊन म्युअर, मॅथर, पिंचॉट आणि ग्लेन या साडेतीन हजार मीटरांवरच्या चार खिंडी चढण्यापेक्षा ग्लेननंतर केअरसार्ज खिंडीवरून ओनियन व्हॅलीत उतरावे, इंडिपेंडन्स गावातून शिधा घ्यावा आणि परत यावे, असे मला मनापासून वाटते. त्यात दीड-दोन दिवस जातात, मात्र पुढची 4,009 मीटरांची फॉरेस्टर खिंड हलक्या पाठीने चढता येते. आम्ही हे टाळून अर्ध्या पोटी चाललो. त्यामुळे पाय जड झाले आणि दुपारी म्युअर खिंडीवर गारांनी गाठले. 1930 साली बांधलेल्या तिथल्या दगडी खोपटात भिजलेले मोजे पिळत तासभर बसलो होतो. खिंडी दुपारच्या आत ओलांडा, आणि त्यासाठी पोटभर खा.

रानवाट: मनःपूर्वक आभार. केअरसार्जवरून उतरण्याचे ठरवत आहोत. त्यासाठी दोन दिवसांची रजा आजच वाढवून मागतो.