कॅसलरॉक–कुळे दुहेरीकरण: घाट एक, मग अभ्यास तुकड्यांत का?

रानवाट (फोंडा)

होस्पेट ते वास्को हा साधारण साडेतीनशे किमीचा रेल्वेमार्ग दुहेरी करायचा प्रकल्प आहे. त्यातला कर्नाटकातल्या कॅसलरॉकपासून गोव्यातल्या कुळेपर्यंतचा घाटाचा तुकडा 9 मे 2022 ला अडला. आपणच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी रद्द केली. दार मात्र बंद केलं नाही. जैवविविधतेवरच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास करा आणि नवा प्रस्ताव आणा, एवढी मुभा ठेवली.

तो अभ्यास होईल तेव्हा तो राज्याच्या हद्दीवर थांबू नये, हे माझं म्हणणं. हद्दीच्या अलीकडे गोव्याचं भगवान महावीर अभयारण्य, 240 चौरस किमी, त्यातच मोले राष्ट्रीय उद्यान. पलीकडे कर्नाटकचा काळी व्याघ्र प्रकल्प. उत्तरेला म्हादई आणि भीमगड अभयारण्यं. रान सलग आहे, फायली मात्र दोन राज्यांच्या.

आणि फायली दोनच नाहीत. याच रानातून मोले–अनमोड महामार्गाचं चौपदरीकरण आणि 400 केव्हीची वीजवाहिनी असे आणखी दोन प्रकल्प पुढे आले. ज्यानं त्यानं आपापली झाडं मोजली. तिन्ही एकत्र आल्यावर रानाचं काय होतं, ते कोणाच्या फायलीत?

त्यात कायद्याचीच वाट मोकळी आहे. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत रेल्वे नाही, म्हणजे पर्यावरण मंजुरी नको आणि जनसुनावणीही नको. महामार्ग रुंद करायचा तर 100 किमीच्या वर असेल तरच ही मंजुरी लागते. मोले–अनमोड त्याच्या कितीतरी आत बसतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये घाटातल्या सोनावली स्टेशनाच्या अलीकडे आमची गाडी थांबली होती. मी दारात उभा होतो. एका बाजूला पाणी झिरपणारी कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला दरी, आणि रुळांच्या मधोमध गव्याची मादी, मागे वासरू. भोंगा वाजला तशी ती दोघं रुळांतूनच पुढे पळत सुटली, कारण बाजूला जायला जागाच नव्हती. बऱ्याच पुढे रुळांखालची एक मोरी आली, तिथं ती खाली उतरली. दुसरा रूळ टाकायचा म्हणजे तीच दरड आणखी आत कापायची.

मिरजकर

रानवाट, तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण मला हे पटत नाही.

या घाटाची चढण 37 ला 1 आहे. मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावल्याशिवाय गाडी वर येत नाही. एकेरी मार्ग, त्यामुळे समोरून मालगाडी आली की गोवा एक्सप्रेस स्टेशनात क्रॉसिंगला पडून. जुलै 2021 मध्ये दूधसागर–सोनावली दरम्यान दरड येऊन मंगळूर–मुंबई गाडी घसरली. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच पट्ट्यात कोळशाची मालगाडी घसरली. अशा वेळी दुसरी वाट नसल्यानं सगळ्या गाड्या वळवायच्या नाहीतर रद्द करायच्या. माझ्या बहिणीचं सासर मडगावला आहे. पावसाळ्यात जायचं तर आम्ही तिकीट काढतो आणि धाकधूक घेऊन बसतो.

रेल्वे अडवली म्हणून माल घरी बसत नाही. तो ट्रकनं अनमोड घाटातून जातो. रात्री त्या रस्त्यावर चिरडलेली जनावरं मी पाहिली आहेत. त्यांची मोजणी कोण करतंय? रूळ टाकण्याचे परिणाम मोजायचे तर न टाकण्याचेही मोजा.

घाटातला मुलगा

माझे वडील याच घाटात ट्रॅकमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते. पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन गस्त. दरडीचा आवाज आधी येतो, मग माती येते, असं ते सांगायचे. मिरजकरदादा, दुसरा रूळ त्याच डोंगराच्या कुशीत जाणार. डोंगर सुटला तर दोन्ही रुळांवर येईल. 2023 च्या जुलैमध्येही कॅसलरॉक–करंझोळमध्ये दरड आलीच होती. आधी उतार बांधून काढा, पाण्याचे चर मोकळे करा. त्याला कोणत्या मंजुरीसाठी थांबायचंय?

हॅम्बुर्गहून

इकडे युरोपात शेजारी देशावर परिणाम होणार असेल तर त्याला कळवणं आणि तिथल्या लोकांचं ऐकणं बंधनकारक आहे. एस्पो करार, 1991. डेन्मार्क–जर्मनीमधला 18 किमीचा फेमर्नबेल्ट बोगदा घ्या. एकट्या जर्मनीत त्यावर 12 हजारांहून जास्त हरकती आल्या, आणि त्या ऐकाव्या लागल्या. आपल्याकडे दोन राज्यं तर एकाच देशातली!

मिरजकर

तेच उदाहरण माझ्या बाजूनं घ्या. दोन देशांचा करार 2008 चा, जर्मन न्यायालयातले दावे फेटाळले गेले ते 2020 मध्ये. बारा वर्षं. आपल्याला परवडेल?

रानवाट (फोंडा)

ट्रकचा मुद्दा खरा आहे. मान्य. अनमोडची रात्रीची मोजणी त्याच अभ्यासात यायला हवी, म्हणून तर तिन्ही प्रकल्प एकत्र बघा म्हणतोय.

पण मग मालाचाही हिशेब मांडा. या मार्गावरून मुरगाव बंदरातला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री गोव्यातल्या चांदोर गावात हजारो माणसं रुळांवर आली ती कोळशाच्या विरोधात, प्रवासी गाड्यांच्या नव्हे. तुमची बहीण दाखवून कोळसा पुढे ढकलला जातोय, याचं मला वाईट वाटतं.

आणखी एक. घाट अडला तरी गोव्याच्या सपाटीवर दुहेरीकरण चालूच राहिलं. दोन्हीकडून मार्ग दुहेरी करून आणायचा आणि मग 'आता मधलाच अडथळा उरला' म्हणायचं. असं झालं की अभ्यासाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

मिरजकर

बहिणीला कोणी दाखवायला नेलेलं नाही. तिची गैरसोय खरी आहे, आणि ती कोळशाच्या वादात दरवेळी मागे पडते.

सलग घाटाचा एकच अभ्यास करा, दोन्ही राज्यांचे वन्यजीव अधिकारी एका टेबलावर बसवा, ट्रक मोजा, कोळसा मोजा. माझी हरकत नाही. पण पहिल्या दिवशीच शेवटची तारीख लिहा.

रानवाट (फोंडा)

दोन पूर्ण पावसाळे आणि मधला उन्हाळा. त्याहून कमी नको, कारण पावसाळ्यात आणि एप्रिल-मेमध्ये जनावरांच्या वाटा वेगळ्या असतात. त्याहून जास्तही मी मागणार नाही.

घाटातला मुलगा

आणि उतारांचं काम?

मिरजकर

ते या पावसाळ्याआधी. त्यावर आपलं तिघांचं एकमत धरा.