लग्नाआधी सिकलसेलचा रिपोर्ट सक्तीचा करावा का?

वर्धेकर: आमच्याकडे लग्न ठरवताना पत्रिका बघतात, रक्त कोणी तपासत नाही. माझा भाचा एसएस आहे, म्हणजे त्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हाडं ठणकायला लागली की रात्रभर रडतो. त्याचे आईबाबा दोघेही एएस, म्हणजे वाहक: सदोष जनुक एकच, आजार नाही, पण ते मुलांकडे जाऊ शकतं. त्यांना स्वतःला कधीच त्रास नव्हता, म्हणून कळलंच नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता २५ टक्के! साध्या रक्ततपासणीत हे कळतं. माझ्या मते लग्ननोंदणीलाच रिपोर्ट मागावा.

पेशीबाई: दादा, वाईट वाटलं वाचून. पण सक्तीला माझा विरोध आहे. मी जीवशास्त्र शिकवते. बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या, जनुकात एका ठिकाणी जीएजी या तीन अक्षरी कोडॉनचं (एका अमिनो आम्लाच्या संकेताचं) जीटीजी होतं, बस, एवढंच. प्रथिनात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. मग ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. त्याच कोडॉनचं तिसरं अक्षर बदलून जीएए झालं असतं तर काहीही बिघडलं नसतं, कारण त्याचाही अर्थ ग्लुटामिक आम्लच. कोडॉन ६४, अमिनो आम्लं २०, त्यामुळे कित्येक चुका अशा पचून जातात. ही पचली नाही. यात घराण्याचा दोष कुठे आला? उलट एएस असलेल्यांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यात हा बदल टिकून राहिला. पण गावात 'रक्तात खोट आहे' म्हणतात आणि मोडतं ते मुलीचं लग्न. मुलाचा रिपोर्ट मागतं कोण?

वर्धेकर: मुलीचं लग्न मोडतं हे मान्य. पण एएस आणि एए (सदोष जनुक नसलेला) यांच्या लग्नातून एसएस मूल होतच नाही, हे लोकांना कळलं तर कशाला मोडेल?

सातपुडा: आमच्या नंदुरबारकडे सोयरीक जमातीतच होते. एएसला एएस नको म्हटलं तर मुलांनी जायचं कुठे? तपासणी शाळेतच करा, समजावून सांगा, निर्णय त्यांचा. राष्ट्रीय मोहीम २०२३ पासून चालू आहेच. आणि एसएस म्हणजे सगळ्यांना सारखाच त्रास, असंही नाही. ज्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं त्यांना त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरिया त्यासाठीच देतात. ती गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात नेमाने मिळायला हवी, आधी त्यासाठी भांडूया.

पेशीबाई: शाळेतली तपासणी मला पटते. फक्त रिपोर्ट ज्याचा त्यालाच द्या, वर्गात यादी लावू नका.

वर्धेकर: गोळीसाठी मीही भांडेन. पण शाळा सुटून वीस वर्षं झालेल्या माझ्या बहिणीला लग्नाआधी कोण सांगणार होतं?