मदत हवी आहे: इंग्रजीतले अवघड शब्द डोक्यात टिकत नाहीयेत
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरात जीआरई (परदेशात मास्टर्सला जायची प्रवेश परीक्षा) देतोय, दहावीपर्यंत मराठी मीडियम त्यामुळे व्हर्बलचीच, म्हणजे इंग्रजीच्या भागाचीच धास्ती आहे. आधी रोज 20 शब्द घोकायचो पण आठवड्यात सगळे साफ, मग शब्दाचं मूळ शोधून करायला लागलो आणि खरंच फरक पडला, म्हणजे लॅटिनमध्ये लोक्वी म्हणजे बोलणं हे एकदा कळलं की लोक्वेशस, एलोक्वंट, कलोक्वियल एका दमात बसतात. आणि मंगूस हा शब्द आपल्या मुंगसावरून गेलाय हे कळलं तेव्हा काय भारी वाटलं!

पण काही शब्द फार फसवतात. एनर्व्हेट म्हणजे एनर्जी देणं असं धरून चाललो होतो, अर्थ निघाला बरोब्बर उलटा, शक्ती काढून घेणं. सँग्विन म्हणजे आशावादी आणि सँग्विनरी म्हणजे रक्तपाताचं, दोन्ही रक्तावरूनच आलेत. "अंगात रक्त सळसळतं तो उमेदीचा" असं वहीत लिहिलं तेव्हा पहिला बसला, दुसरा अजून निसटतो.

अशा जोड्या तुम्ही कशा लक्षात ठेवता? आणि मराठीतून युक्त्या केल्या तर पेपरात आठवायला वेळ जातो का? ज्यांनी परीक्षा दिलीय त्यांनी प्लीज सांगा, वहीच्या पानाचा फोटो टाकलात तरी चालेल.