रापण संघाने स्वतःचा नियम केला तर तो टिकेल का?

रापणकराची_लेक
आमचं गाव मालवण तालुक्यात. बाबा रापणीत आहेत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरीने ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आणि त्या संघाचा हिशेब आता मी लिहिते. वहीत एक गोष्ट सारखी दिसते. ओढीत बांगडा, तारली येते तशी सुरमईची वीतभरही नसलेली पिल्लं येतात. ती फिशमीलवाल्याच्या, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्याच्या, भावाने जातात. वाटणीत त्यांचे पैसे किती पडले हे सांगायचीही लाज वाटते, आणि तीच मासळी वाढली असती तर काय भाव आला असता हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. सरकारने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवली. त्यात सुरमई 370 मिलिमीटर आहे, पापलेट 135.

रापण वाळूवर ओढायच्या आधी गुडघाभर पाण्यात थोडा वेळ धरून ठेवली तर बारकी मासळी जिवंत सोडता येते. ट्रॉलरला हे जमणार नाही, आम्हाला जमतं. म्हणून संघाचाच तसा नियम करावा असं मला वाटतं. बाबांचे सोबती ऐकून घेतात आणि विचारतात, "आपण सोडायची आणि रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी ओढणाऱ्याने उचलायची?" याला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाच्या बंदरात असं काही केलंय का?

तांडेल_पालघर
ताई, आमच्याकडे दालदी (पाण्यात भिंतीसारखं सोडायचं जाळं) आणि डोल (प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं). पापलेटच्या पिल्लांवरून भांडणं आम्हीही पुष्कळ केली. माझा अनुभव असा की नियम समुद्रात पाळला जातो की नाही हे कुणी बघू शकत नाही, लिलावात मात्र सगळं उघडं असतं. बारकी पापलेट लिलावाला घ्यायचीच नाही असं व्यापाऱ्यांसकट ठरलं, तेव्हा कुठे लोकांनी मोठ्या आसाची (भोकांची) जाळी घ्यायला सुरुवात केली. व्यापारी सोबत नसेल तर ठराव कागदावरच राहतो.

दुसरं, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचा काळ. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. आमचे जुने लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. ऑगस्टच्या सुरुवातीला डोलीत जी पिल्लं येतात ती बघून मला ती रीतच बरोबर वाटते. बंदी 15 ऑगस्टपर्यंत न्या, ही मागणी आम्ही सोडलेली नाही.

मत्स्यखात्यातून_निवृत्त
एलईडीबद्दल. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्येच प्रकाशझोतातली मासेमारी बंद केली आहे. राज्याचा कायदा 1981 चा, तो 2021 मध्ये कडक झाला. एलईडीला दंड आता 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत जातो आणि प्रकरण तहसीलदाराऐवजी मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांपुढे चालतं. पर्ससीनला, म्हणजे मासळीच्या थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याला, 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम आहे. जानेवारी 2025 पासून ड्रोनने गस्तही सुरू झाली.

तरी तक्रारी टिकत नाहीत, कारण त्यात नुसतं "परवा रात्री दिवे दिसले" असं लिहिलेलं असतं. तारीख, वेळ, मोबाइलवरचं जीपीएस ठिकाण, नौकेचा नोंदणी क्रमांक आणि फोटो हवा. अंधारात क्रमांक दिसत नाही हे मला माहीत आहे. ठिकाण आणि वेळ तरी लिहाच, तेवढ्यावर गस्ती नौका कुठे पाठवायची ते ठरतं. मासळीचा हिशेब तुम्ही लिहिताच, त्याच वहीत हे एक पान ठेवा. तुमचा ठराव बाहेरच्या नौकेला लागू होणार नाही, पण स्वतः नियम पाळणारा संघ वही घेऊन कार्यालयात येतो तेव्हा अधिकाऱ्याला त्याला परत पाठवणं जड जातं. हे मी खुर्चीत बसून अनुभवलं आहे.

देवगडची_आवशी
बाय, इचार बरो आसा. पण आधी वाटणीचा बघ. रापणीची दोरी ओढूक येणारे म्हातारे, घोव नसलेल्यो बायको, तेंकाय वाटो गावता. मासळी सोडलास तर तेंचोच वाटो पयलो कमी जातलो. तेंचा पोट सांभाळून नियम करा, नायतर तेच मोडतले आणि तेंका दोष देऊक येवचो नाय.

रापणकराची_लेक
आवशी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्यात अशा घरांचे वाटे बरेच आहेत. त्यांचा वाटा पहिल्या हंगामात कमी होऊ द्यायचा नाही, फरक होडीच्या आणि जाळ्याच्या वाट्यातून भरायचा, असं मांडून बघते. बाबा कुरकुरतील, पण ऐकतील.

तांडेलकाका, आमच्याकडे मासळी उचलणारे व्यापारी मोजकेच आहेत, त्यांना सभेलाच बोलावते. तुमच्या ठरावात "बारकी" कशी लिहिली होती, लांबीने की किलोत किती नग बसतात यावरून? किनाऱ्यावर पट्टी लावत बसायला कुणाला वेळ नसतो.

तांडेल_पालघर
नगांवरून. लिलावात सगळ्यांना तेच पटकन कळतं. 135 मिलिमीटरची पापलेट काट्यावर टाकून किलोला किती बसतात ते आधी मोजलं आणि तो आकडा ठरावात घातला. तुम्ही बांगड्यापासून सुरू करा, तो रोज येतो. सुरमईच्या पिल्लांना मात्र नग मोजत बसू नका, ती पाण्यातच सोडा.