रीशूट म्हणजे सिनेमा बुडाला असं नाही

रीशूटची, म्हणजे शूटिंग संपल्यावर काही प्रसंग पुन्हा किंवा नव्याने चित्रित करण्याची, बातमी आली की 'सिनेमा गंडला' असा निकाल लगेच लागतो, तो मला अजिबात पटत नाही. मोठ्या बजेटच्या सुपरहिरोपटात जादा चित्रीकरणाचे दिवस बहुतेक वेळा आधीच धरलेले असतात. पहिलं संकलन झाल्यावरच कळतं की कुठला दुवा निसटलाय, कुठला संवाद कमी पडतोय.

सुपरहिरोपट नसला तरी 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'रोग वन'चं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये त्याचं बरंच रीशूट झालं, चाहते धास्तावले होते. शेवटी अंधाऱ्या बोळात खलनायक डार्थ व्हेडरची लाल तलवार पेटते, तो प्रसंग त्या उशिराच्या चित्रीकरणातलाच. आज लोक सिनेमा त्यासाठी पुन्हा पाहतात.

भीती निराधार आहे असंही नाही. 'जस्टिस लीग' या सुपरहिरोपटात (२०१७) दिग्दर्शक झॅक स्नायडर घरातल्या दुःखद घटनेमुळे बाजूला झाला आणि रीशूट जॉस व्हीडन या दुसऱ्या दिग्दर्शकाकडे गेलं. सुपरमॅन झालेल्या, पण दुसऱ्या सिनेमासाठी मिशी राखलेल्या हेन्री कॅव्हिलची मिशी संगणकावर पुसली. सुरुवातीलाच सुपरमॅन बोलतो तेव्हा त्याचा वरचा ओठ विचित्र हलतो, नजर तिथून हटत नाही. पुढे चाहत्यांनी रेटा लावला म्हणून २०२१ मध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली.

त्यामुळे किती दिवस रीशूट झालं याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. दिग्दर्शक तोच आहे का, हे आधी बघा. तो बदलला असेल तर मलाही धाकधूक वाटते.