मदत हवी आहे: जेथ्रो टलला रॉक हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळावी, हे पटवायचं आहे. 'प्रभाव' कसा दाखवू?

पाचमात्रा

नमस्कार मंडळी,

आमच्या नाशिकच्या श्रवणगटात पुढच्या महिन्यात एक वाद रंगणार आहे: जेथ्रो टल या ब्रिटिश बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रॉक कलाकारांचा सन्मान करणाऱ्या अमेरिकन संस्थेत, घ्यायला हवं की नको? 'हवं' ही बाजू मी मागून घेतली, कारण मला मनापासून तसंच वाटतं. गटातली बहुतेक मंडळी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणारी. बीटल्सच्या पुढे रॉक फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण कान तयार आहेत आणि प्रश्न नेमके विचारतात. म्हणूनच नुसत्या प्रेमावर भागणार नाही.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६७च्या अखेरीस हा बँड जमला. नाव घेतलं १८व्या शतकातल्या एका इंग्रज शेतीसुधारकाचं, ज्याने घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र बनवलं होतं. इयान अँडरसन हा गायक, गीतकार आणि बासरीवादक. आधी तो गिटार वाजवायचा. गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या तोडीचं आपल्याला कधी जमणार नाही हे ओळखून त्याने गिटार देऊन बासरी घेतली आणि काही महिन्यांतच, १९६८ मध्ये, 'धिस वॉज' हा पहिला अल्बम आलासुद्धा. पुढच्याच वर्षी 'स्टँड अप' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात बाखच्या एका बूरेचं (जुन्या युरोपीय नृत्यरचनेचं) बासरीवरचं रूप आहे. त्याच वर्षी आलेलं 'लिव्हिंग इन द पास्ट' ५ मात्रांत बांधलेलं आहे, तरी ते ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. झपताल ऐकत वाढलेल्या माणसाला ५ मात्रांचं काही विशेष वाटणार नाही. पण ज्या बाजारात सगळं ४ मात्रांवर चालतं तिथे हे खपलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग १९७१ चा 'ॲक्वालंग', आणि १९७२ चा 'थिक ॲज अ ब्रिक'. सुमारे ४४ मिनिटांचं एकच गाणं, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंवर पसरलेलं, एका खोट्या स्थानिक वर्तमानपत्रात गुंडाळून विकलेलं. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षीच्या 'अ पॅशन प्ले'ला समीक्षकांनी झोडपून काढलं, तरी अमेरिकेत तोही पहिलाच.

हॉलचा नियम असा की पहिलं रेकॉर्डिंग बाजारात येऊन २५ वर्षं झाली की कलाकार पात्र. टलची पहिली सिंगल १९६८ ची, म्हणजे १९९३ पासून दार उघडं आहे. एवढ्या वर्षांत आत घेणं दूरच, नामांकनसुद्धा नाही. 'प्रोग रॉकवर (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकवर) अन्याय' असंही म्हणता येत नाही, कारण पिंक फ्लॉइड १९९६ मध्ये, जेनेसिस २०१० मध्ये, रश २०१३ मध्ये, येस २०१७ मध्ये आणि मूडी ब्लूज २०१८ मध्ये आत गेले. मग टलच का नाही?

आता माझी अडचण. हॉल निकष सांगतो तो प्रभावाचा: रॉकच्या वाटचालीवर तुमचा किती ठसा आहे? समोरची बाजू विचारणारच, 'टलच्या मागून कोण आलं ते दाखवा.' फ्लॉइडच्या वाटेने गेलेल्यांची रांग आहे. बासरी पुढे ठेवून स्टेडियम भरणारा दुसरा मोठा बँड मला सापडत नाही. 'रॉकमध्ये बासरी यांनी आणली' हा मुद्दा मी आधीच काढून टाकला आहे. १९६७ मध्येच मूडी ब्लूजचा रे थॉमस आणि ट्रॅफिक या बँडचा ख्रिस वूड बासरी वाजवत होते. त्यांच्याकडे ती गाण्याला रंग द्यायला यायची. टलमध्ये गिटारच्या छातीला छाती भिडवून उभी राहते. हा फरक मला ऐकू येतो, पण सभेत मांडायला पुरावा हवा.

आणखी एक गोष्ट सतावते. अँडरसनने स्वतःच मुलाखतींतून सांगितलं आहे की ही अमेरिकन संस्था आहे, तिने अमेरिकन संगीताचा मान राखावा, आपल्याला त्याची आस नाही. ज्याला नको आहे त्याच्यासाठी मी का भांडते, असं कुणी विचारलं तर काय सांगू? १९८९ च्या ग्रॅमीचा विषय काढावा की टाळावा, हेही सुचवा.

जुनी_कॅसेट

प्रभाव म्हणजे नक्कल, असं गृहीत धरलं की तुम्ही अडकणारच. बासरी शोधू नका, माणसं शोधा.

पहिलं नाव आयर्न मेडन, ब्रिटिश मेटल बँड. त्यांचा बासवादक आणि मुख्य गीतकार स्टीव्ह हॅरिस टलचा निस्सीम चाहता. १९८३ च्या 'द ट्रूपर' या सिंगलच्या मागच्या बाजूला त्यांनी 'ॲक्वालंग'मधलं 'क्रॉस-आइड मेरी' वाजवलं आहे. दोन्ही रूपं लागोपाठ ऐकवा. बासरीची ओळ गिटारवर गेली तरी गाणं जराही ढळत नाही. हा पुरावा कानांनी घ्यायचा आहे, तुमच्या गटाला तोच जास्त पटेल.

दुसरं नाव गिटारवादक टोनी आयोमी. १९६८ च्या डिसेंबरात तो काही दिवसांपुरता टलमध्ये होता. रोलिंग स्टोन्सच्या 'रॉक अँड रोल सर्कस'च्या चित्रीकरणात तो टलबरोबर दिसतो. परत आपल्या आधीच्या बँडमधल्या मुलांकडे गेल्यावर त्याने त्यांना सकाळी वेळेवर तालमीला बसवायला सुरुवात केली आणि ही शिस्त टलकडून शिकलो असं तो सांगत आला आहे. ती मुलं म्हणजे ब्लॅक सॅबथ, हॉलमध्ये २००६ पासून. तिसरा रशचा गेडी ली, तोही टलचा जुना चाहता. म्हणजे हॉलच्या आत बसलेल्यांनीच ज्यांच्याकडून घेतलं ते बाहेर उभे आहेत. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात इथूनच केली असती.

ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'वर टलच्या १९६९ च्या 'वी यूस्ड टू नो'ची छाया आहे, हेही सांगता येईल. १९७२ मध्ये ईगल्स टलच्या आधी मंचावर यायचे.

क्लीव्हलँडकर

ईगल्सचा मुद्दा घेऊ नका, तो उलटेल. 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची चाल डॉन फेल्डरची आणि तो ईगल्समध्ये आला १९७४ ला, म्हणजे त्या दौऱ्यानंतर. स्वरसंगतीची साखळी मिळतीजुळती आहे एवढंच. खुद्द अँडरसननेही कधी चोरीचा आरोप केलेला नाही.

मी ओहायोत राहतो, इथलं हॉलचं संग्रहालय पाहिलेलं आहे (इमारत १९९५ ची, पण निवड १९८६ पासून सुरू आहे). लोक 'हॉलने घेतलं नाही' म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. आधी एक छोटी समिती नामांकनं ठरवते. ती यादी मग हजाराहून जास्त मतदारांकडे जाते. त्यांत इतिहासकार, संगीतव्यवसायातली माणसं आणि आधी निवडले गेलेले कलाकार असतात. २०१२ पासून चाहत्यांचंही मत घेतात, पण लाखो मतं मिळून ते मोजलं जातं एका मतपत्रिकेइतकंच. टलला मतदारांनी नाकारलेलं नाही. मतदारांपुढे त्यांचं नाव कधी आलंच नाही. तुमच्या वादात हा फरक फार महत्त्वाचा आहे. 'हजार जाणकारांनी यांना योग्य मानलं नाही' असं समोरचा म्हणाला तर तिथेच थांबवा.

समिती असं का करते याबद्दल माझं मत सांगतो. सहसंस्थापकांपैकी यान वेनर हे रोलिंग स्टोन मासिकाचे कर्तेधर्ते. त्या काळच्या अमेरिकन समीक्षकांना ब्लूजच्या मातीतलं, रांगडं रॉक आवडायचं. ४४ मिनिटांची गाणी त्यांना मिरवणं वाटायचं. ती आवड संस्थेच्या हाडात मुरली. वेनर यांना २०२३ मध्ये एका मुलाखतीतल्या वक्तव्यांनंतर संचालक मंडळातून काढलं, पण आवडी इतक्या लवकर बदलत नाहीत.

अँडरसनला नको आहे, याचं उत्तर सोपं आहे. सेक्स पिस्टल्स या पंक बँडने २००६ मध्ये जाहीर नकार कळवला, तरी हॉलने त्यांना घेतलंच. मान देणाऱ्याने आपला इतिहास नीट लिहिला का, हा प्रश्न आहे. घेणाऱ्याची इच्छा हा वेगळा विषय.

मुख्य दाराशिवाय आणखी दारं आहेत, तेही लक्षात ठेवा. क्राफ्टवर्क २०२१ मध्ये प्रभावासाठीच्या पुरस्कारातून आत आले, जुडास प्रीस्ट २०२२ मध्ये 'म्युझिकल एक्सलन्स' पुरस्कारातून.

तंबोरा

मी विरुद्ध बाजूचा आहे. ताई, तुमची तयारी व्हावी म्हणून सगळ्यात कठीण आक्षेप सांगतो.

अँडरसनची जी ओळख आहे, बासरीत फुंकताना घशातून गुणगुणणं, गुरगुरणं, श्वास मुद्दाम ऐकू येऊ देणं, ती रोलंड कर्क या अमेरिकन कृष्णवर्णीय जॅझवादकाकडून आलेली आहे. 'धिस वॉज'मध्ये कर्कचीच 'सेरेनेड टू अ कुकू' वाजवली आहे. मग प्रभावाचं श्रेय कुणाचं? शिवाय अँडरसनची बोटंही बरीच वर्षं चुकीची पडत होती. मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली तेव्हा ते उघड झालं आणि १९९० च्या दशकात त्याने ती पुन्हा शिकून घेतली. आपल्याकडे गुरुसमोर बसून वर्षानुवर्षं सूर लावणाऱ्यांना हे कसं पटेल?

दुसरं, हा बँड आहे की एका माणसाचं दुकान? वादक इतके बदलले की हॉलने कुणाची नावं कोरायची?

पाचमात्रा

@तंबोरा, मनापासून आभार. हाच आक्षेप कुणी सभेत घेतला असता तर मी गप्प झाले असते.

कर्कबद्दल मी असं म्हणेन: टलने त्याची रचना त्याच्या नावानिशी पहिल्याच अल्बमवर ठेवली, काही लपवलं नाही. क्लबमधल्या मूठभर जॅझरसिकांपर्यंत पोचलेला तो आवाज टलने हजारोंच्या सभागृहात नेला. कर्कचा मान त्याने कमी होत नाही. उलट कर्कलाही प्रभावाच्या पुरस्कारातून आत घ्यावं, हेही मी सभेत बोलणार आहे. बोटांबद्दल माझं मत ठाम आहे. जो माणूस चाळिशी उलटल्यावर, जगभर नाव झाल्यावर, आपलं वाद्य मुळापासून पुन्हा शिकतो त्याला मी साधकच म्हणेन. माझ्या गटाला हे पटेल याची मला खात्री आहे.

नावांचं मात्र तुमचं खरं आहे. पण १९६९ पासून २०११ पर्यंत मार्टिन बारे गिटारवर होता. चार दशकं टिकलेली जोडी आहे ती. माझ्या यादीत अँडरसन आणि बारे यांच्याबरोबर क्लाइव्ह बंकर, ग्लेन कॉर्निक, जॉन एव्हन, जेफ्री हॅमंड आणि बॅरीमोर बार्लो असतील. 'ॲक्वालंग' आणि 'ब्रिक' ज्यांनी घडवले ते सगळे यात येतात. कॉर्निक २०१४ मध्येच गेला. उशिराची किंमत अशी मोजावी लागते. येसचा ख्रिस स्क्वायर २०१५ मध्ये गेला आणि बँड २०१७ मध्ये आत आला. रे थॉमस तर सोहळ्याच्या तीनच महिने आधी गेला. हे मला फार लागतं.

जुनी_कॅसेट

ग्रॅमीचं राहिलं. काढाच, पण आपणहून. १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच ग्रॅमी ठेवलं होतं. मेटालिका हा मेटल बँड जिंकणार असं सगळे धरून चालले होते आणि जाहीर झालं टलचं 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह'. टलचं कुणी तिथे हजरही नव्हतं. पुढच्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल हे विभाग वेगळे केले. १९९२ मध्ये मेटालिका जिंकली तेव्हा 'यंदा अल्बम काढला नाही म्हणून' त्यांनी टलचे आभार मानले. माझ्या मते त्या रात्रीपासून अमेरिकेत टल हे नाव थट्टेशी जोडलं गेलं आणि 'ब्रिक'चा बँड मागे पडला. चूक मत देणाऱ्यांची होती. हे तुम्ही आधी सांगितलंत तर समोरच्याच्या हातातला दगड काढून घेतल्यासारखं होईल.

माहीमचा_माणूस

हॉलशी याचा संबंध नाही, पण तुमच्या श्रोत्यांना बँड जवळचा वाटावा म्हणून. २६/११ नंतर, डिसेंबर २००८ मध्ये, अँडरसनने अनुष्का शंकर यांच्यासोबत मुंबईत मदतनिधीसाठी कार्यक्रम केला होता. आधी ठरलेला कार्यक्रम हल्ल्यामुळे झाला नाही. तो सोडून न देता त्यांनी मदतीसाठी केला. त्याच्या १९९५ च्या 'डिव्हिनिटीज' या बासरीच्या अल्बमवर 'इन द टाइम्स ऑफ इंडिया (बॉम्बे व्हॅलेंटाइन)' नावाची रचनाही आहे. ती ऐकवून सुरुवात केलीत तर मंडळी सावरून बसतील.

पाचमात्रा

हे सगळं वहीत उतरवलं. क्रम असा धरते: आधी 'बॉम्बे व्हॅलेंटाइन'चा तुकडा, मग समिती आणि मतदार यांतला फरक, मग आयोमी आणि मेडन, मग ग्रॅमी, आणि कर्कचा आक्षेप मी स्वतःच उभा करून त्याला उत्तर देणार. 'क्रॉस-आइड मेरी'ची दोन्ही रूपं पूर्ण वाजवायची आहेत.

एकच विचारायचं राहिलं. 'ब्रिक'मधला तुकडा निवडायचा तर कुठला? सुरुवातीची गिटार आणि बासरी सुंदर आहे, पण ती ऐकून हे साधं लोकगीत आहे असा समज होईल, अशी मला भीती वाटते.

तंबोरा

सुरुवातीची पाच-सहा मिनिटं सलग लावा, मध्ये बोलू नका. गिटारची शांत ओळ संपून ऑर्गन आणि ड्रम्स घुसतात तिथे लय कशी पालटते ते तुमच्या गटातले तबलजी लगेच पकडतील. विरोधात असलो तरी तेवढी मिनिटं मीही ऐकतोच.