शब्दचर्चा: बॅटरी उतरते, गळते की तिचा निचरा होतो?

वडिलांच्या ई-वाचक टॅबसाठी मराठीत पानभर सूचना लिहिते आहे. टॅब ई-इंकचा, म्हणजे छापील कागदासारखा दिसणाऱ्या पडद्याचा, आत अँड्रॉइड. रात्री मिटून ठेवला तरी सकाळी बॅटरी बरीच कमी झालेली असते. 'बॅकग्राउंड ॲप' आणि 'बॅटरी ड्रेन' या दोन शब्दांपाशी अडले आहे. एका ठिकाणी 'पार्श्वभूमीतील ॲप्समुळे होणारा बॅटरीचा निचरा' असं वाचलं. वडिलांनी आयुष्यभर डाळिंबं केली. ते म्हणाले, "निचरा होतोय ना? मग चांगलंच आहे की."

———

वडिलांचं बरोबर आहे. नको असलेलं पाणी वाहून जातं, तो निचरा. तो व्हावा म्हणून माणूस चर खणतो. बॅटरीत नकोसं काय असतं?

बोलताना आपण 'उतरली' म्हणतो. टॉर्चचे सेल उतरायचे, तेव्हापासूनचा हा शब्द, आणि चांगला आहे. पण रात्रभर वाचत बसलं तरी बॅटरी उतरतेच, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. कुणी वापरत नसताना, नकळत कमी होणं म्हणजे गळती. 'वीजगळती' आपण बातम्यांत वाचतोच.

ई-इंकवर हा भेद फार महत्त्वाचा. पानावर एकदा अक्षरं उमटली की ती तशीच ठेवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते. फोनमध्ये पडदाच इतकी वीज खातो की बाकीचा खर्च त्यात झाकला जातो. इथे पडद्याचा दिवा बंद असला तर गळती उघडी पडते: वाय-फाय, सारखं सिंक करणारं (इंटरनेटवरच्या माहितीशी जुळवून घेणारं) ॲप, मेल.

'पार्श्वभूमी' मला पटत नाही. ती चित्रात असते, घटनेला असते, पण काम करत नाही. (पार्श्वगायक मात्र न दिसता काम करतो, म्हणजे दोष 'पार्श्व'चा नाही, 'भूमी'चा आहे.) नाटकाकडून शब्द घ्यावेत. काही ॲप्स पडद्यामागे राबत असतात, काही नुसती विंगेत उभी असतात. इंग्रजीत दोन्ही 'बॅकग्राउंड'. विंगेतलं ॲप मेमरीत गोठून पडलेलं असतं, वीज जवळजवळ घेत नाही. ते सारखं सरकवून बंद केलं तर पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं आणि जास्त वीज जाते. थांबवायचं ते राबणारं.

———

हा भेद माझ्या लक्षातच आला नव्हता. मी वडिलांना रोज सगळी ॲप्स सरकवायला लावत होते.

आणखी एक. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून 'डोझ' ही सोय आहे. पडदा बंद, चार्जर काढलेला आणि यंत्र न हलता पडून असेल, तर ॲप्सची कामं पुढे ढकलली जातात. अधूनमधून थोडा वेळ जाग येते, साचलेली कामं उरकतात, पुन्हा झोप. 'निद्रावस्था' लिहिलं होतं, ते खोडते.

———

'डुलकी' लिहा. झोप सलग असते, डुलकीत मधेच जाग येते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपला बंधनातून सूट दिली असेल, तर ते डुलकीतही राबू शकतं. गळती शोधायची ती तिथे आधी.

———

लिहिलं ते असं: "रात्री वाय-फाय बंद करा. विंगेतल्या ॲप्सना हात लावू नका. बॅटरीच्या यादीत जे ॲप न उघडताही वर दिसेल, ते पडद्यामागे राबतंय. नको असेल तर त्याला थांबवा." वडिलांनी वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: 'राबतंय'च्या पुढे 'फुकट' हवं.